जन्मभर कावा लावणारा माणूस धंद्यात कधी उतरतो?

कावा म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचं एक झाड, ज्याच्या मुळांचं पेय करून पितात. त्याला बी धरत नाही. नर-मादी झाडं वेगळी असतात, फुलोराही येतो, पण त्यातून नवं रोप उगवत नाही. शेतात उभं असलेलं प्रत्येक झाड कुणीतरी जुन्या झाडाची कांडी तोडून स्वतःच्या हाताने लावलेलं असतं. संशोधकांच्या मते याची सुरुवात उत्तर व्हानुआतूच्या बेटांवर झाली. तिथल्या एका रानटी जातीतून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या चांगल्या मुळांची झाडं निवडली, त्यांच्याच कांड्या पुढे लावल्या, आणि या निवडीत झाड आपलं आपण वाढायचं विसरलं. माणसं होड्या घेऊन पुढच्या बेटांवर गेली तशा कांड्याही गेल्या. फिजी, टोंगा, सामोआ, हवाई, थेट पोनपेपर्यंत.

झाड आपल्याला अगदीच परकं नाही. शास्त्रीय नाव पायपर मेथिस्टिकम, म्हणजे मिरी आणि नागवेलीचं कूळ. विड्याचं पान पाहिलेल्या माणसाला कावाचं पान ओळखायला शिकवावं लागत नाही. पण ही वेल नाही. गाठीगाठींच्या खोडांचं दोन-तीन मीटर उंच झुडूप असतं, आणि कामाचा भाग पानात नसून जमिनीखाली असतो. मुळं कुटायची, पूड करायची, थंड पाण्यात चोळून गाळायची, बस. आंबवणं नाही, उकळणं नाही, त्यामुळे दारूशी याचा संबंध नाही. रंग गढूळ पाण्याचा आणि चव, खरं सांगायचं तर, मातीची. घोटभर प्यायल्यावर ओठ आणि जीभ बधिरते, अंग सैलावतं, डोकं मात्र बऱ्यापैकी जागेवर राहतं.

या लेखात मी फिजीपुरतंच बोलणार आहे. तिथे याला यंगोना म्हणतात. गिरमिटिया, म्हणजे इंग्रजांनी करारावर मजुरीला नेलेल्या, भारतीयांचे वंशज फिजी हिंदीत नंगोना म्हणतात, आणि दोघेही घाईत असले की 'ग्रॉग'. गावात पाहुणा आला की मुळांची जुडी पुढे ठेवून परवानगी मागायची, तो सेवूसेवू. लग्न, मयत, भांडण मिटवणं, सगळीकडे मधे तानोआ हे पसरट लाकडी भांडं ठेवलेलं आणि नारळाच्या करवंटीचा पेला, म्हणजे बिलो, हातोहात फिरणारा. साहजिकच गावाकडच्या बहुतेक घरांत थोडीफार झाडं असतातच.

मग प्रश्न असा पडतो, की जो माणूस पोरवयापासून यंगोना लावतोय, ज्याच्या आजानेही तेच केलं, तो पन्नाशीला येऊन एक दिवस नोंदणीकृत शेती-व्यवसाय का काढतो? नवीन काय झालं? पीक तेच, डोंगर तोच, कुदळही तीच.

याचं उत्तर शोधायला आधी हे पाहायला हवं, की नुसतं यंगोना लावणं म्हणजे धंदा का नव्हे.

कांडी लावल्यापासून मुळं काढण्याजोगी व्हायला किमान तीन वर्षं लागतात. चार-पाच वर्षं ठेवली तर आणखी चांगलं. आणि याच पिकाची एक मोठी सोय अशी, की ते तयार झालं म्हणून काढावंच लागत नाही. टोमॅटो पिकला की तोडावा लागतो, ऊस वेळेत गेला नाही तर उतारा घटतो. यंगोना जमिनीत राहिलं तर मुळं जाड होत जातात. त्यामुळे जुन्या पद्धतीने शेतकरी बाजारभाव बघून काढणी करत नाही, घरातली गरज बघून करतो. मुलाची फी भरायची, दोन झाडं उपटा. चर्चला वर्गणी द्यायची, चार उपटा. घरावर पत्रे घालायचेत, दहा. ही पद्धत अडाणी अजिबात नाही. बँकेची शाखा बोटीने अर्ध्या दिवसावर असलेल्या बेटावर याहून शहाणी पद्धत मला तरी सुचत नाही.

पण तिची किंमत असते. गरजेला उपटलेलं झाड गरजेच्या भावाने जातं. हाताशी असलेली मुळं ओली असतात, पावसाळी आठवड्यात धड वाळत नाहीत, बोट उद्या सुटणार असते, आणि दारात आलेला व्यापारी एकच असतो. तो सगळा माल एकाच भावाने उचलतो. खरं तर एका झाडात तीन वेगवेगळे माल असतात. बाजूला पसरलेली बारीक मुळं म्हणजे वाका. गुण त्यांतच जास्त, म्हणून भावही त्यांनाच सर्वाधिक. खोडाच्या बुडाचा जाड गड्डा म्हणजे लेवेना, तो दुय्यम. त्याची सोलपटं म्हणजे थिविथिवि, सगळ्यात स्वस्त. राजधानी सुवाच्या बाजारात वरच्या मजल्यावर यंगोनाचे गाळे आहेत. तिथे हे ढीग वेगळे मांडलेले दिसतात. म्हणजे प्रतवारीचा पैसा मिळतो, फक्त तो शेतकऱ्याच्या नंतरच्या माणसाला मिळतो.

आता आकडे मांडून बघू. हे केवळ समजण्यासाठी आहेत, कुणा एकाच्या शेताचे नाहीत. दोन-दोन मीटरवर कांड्या लावल्या तर एकरात साधारण हजार झाडं बसतात. ओल्या मुळात पाणीच खूप असतं. पाच किलो ओलं वाळून जेमतेम एक किलो उरतं. चार वर्षांच्या झाडाला एक किलो वाळलेला माल धरला, तर एकरात हजार किलो. किलोला ५० फिजी डॉलर भाव असेल तर ५०,००० डॉलर. एका फिजी डॉलरला पस्तीस-चाळीस रुपये धरा. आकडा मोठा वाटतो, पण तो चार वर्षांतून एकदा येतो. मधल्या काळात घर कशावर चालवायचं?

जो धंदा म्हणून करतो तो इथे पहिली गोष्ट बदलतो. हजार झाडं एकदम लावत नाही. दर वर्षी अडीचशे लावतो. पाचव्या वर्षापासून दर वर्षी अडीचशे काढणीला येतात आणि तितकीच नवी लागतात. आणि तोपर्यंत ओळींच्या मधे अळू लावतो. फिजीत अळूचा कंद हे रोजचं अन्न. ते आठ-दहा महिन्यांत निघतं, विकतंही आणि घरीही शिजतं. शिवाय त्याच्या मोठ्या पानांची सावली कोवळ्या यंगोनाला हवीच असते. हे मिश्रपीक काही नवीन शोध नाही, आजोबाही लावत होते. फरक एवढाच, की आता कुठल्या ओळीत कोणत्या महिन्यात काय लागलं ते वहीत लिहिलेलं असतं.

वही हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. तिच्याकडे परत येऊच.

आता २०१६ कडे वळू. त्या वर्षी २० फेब्रुवारीला विन्स्टन नावाचं पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ फिजीवर आदळलं. ४४ माणसं गेली. कोरो आणि ओव्हालाऊ या बेटांना जबर मार बसला, आणि ही दोन्ही यंगोनाची बेटं. यंगोना वाऱ्याला फार नाजूक. खोडं मोडतात, मुळं हलतात, आणि हललेल्या मुळाशी पाणी साचलं की ती सडतात. अशा वेळी काढता येईल तेवढं ताबडतोब काढायचं आणि उरलेल्या खोडांच्या कांड्या वाचवायच्या, एवढंच हातात असतं. वादळानंतर माल आटला. नवी लागवड तयार व्हायला तीन-चार वर्षं लागणारच होती. त्याच काळात अमेरिकेत आणि इतरत्र कावाला नवे गिऱ्हाईक मिळत होते. चांगल्या वाकाचा जो भाव पन्नास डॉलरच्या आसपास होता तो पुढच्या दोन-तीन वर्षांत शंभरी ओलांडून गेला.

ज्यांची झाडं टिकली त्यांना अचानक कळलं की आपल्या डोंगरउतारावर घर बांधण्याएवढा पैसा उभा आहे. चोरांनाही ते कळलं. यंगोनाची चोरी ही फिजीत तेव्हापासून नित्याची बातमी झाली. एका रात्रीत चार वर्षांची मेहनत उपटून नेतात, आणि वाळलेल्या मुळांवर काही कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. झाड जमिनीत राखून ठेवणं हा जो जुन्या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा होता, तोच आता धोक्याचा झाला. राखणीला माणूस ठेवा किंवा वेळेत काढून विका. दोन्हीला हिशेब लागतो.

इथून पुढचे अडथळे शेतीचे नाहीत, माणसांचे आहेत, आणि बाहेरून सल्ला द्यायला येणारे नेमके इथेच आपटतात.

पहिला अडथळा केरेकेरे. फिजीच्या मूळ रहिवाशांत नातेवाइकाने काही मागितलं तर ते द्यायचं असतं. मागणाऱ्याला लाज नाही आणि नाकारणं मात्र लाजिरवाणं. यंगोना, पैसे, बोटीचं तिकीट, काहीही. याच रिवाजाने वादळात, आजारपणात, म्हातारपणी माणूस उघड्यावर पडत नाही. सरकारी विम्याने जे केलं नाही ते या रिवाजाने केलंय. पण ज्याच्याकडे वाळवलेल्या मुळांची पोती दिसतात, त्याचं खेळतं भांडवल दोन मयतांत आणि एका लग्नात संपू शकतं. बरं, तो स्वतःही दुसऱ्यांकडून घेत आलेला असतो, त्यामुळे 'मी आता व्यावसायिक झालो' असं सांगून सुटका नाही.

व्यवसायाची नोंदणी, वेगळं बँक खातं आणि आधी सांगितलेली वही यांचा खरा उपयोग इथे होतो. खात्यातला पैसा 'माझा' राहत नाही, 'शेताचा' होतो. पुढच्या वर्षीच्या मजुरीचा आहे असं सांगता येतं, आणि समोरच्यालाही ते पटतं. बरेच जण लागवडीतल्या काही ओळी मुद्दाम गावासाठी, नात्यागोत्यासाठी धरतात आणि धंद्याच्या ओळी वेगळ्या ठेवतात. मला यात तडजोड दिसत नाही. देणं थांबवायचं नाही, फक्त किती द्यायचं ते आधी ठरवायचं.

दुसरा अडथळा जमीन. फिजीतली जवळपास ८७ टक्के जमीन मूळ रहिवाशांच्या सामूहिक मालकीची आहे. मतांगली नावाच्या कुळगटांच्या नावावर ती असते आणि विकता येत नाही. आपल्याच मतांगलीच्या जमिनीवर वहिवाटीने कसणाऱ्याला कुणी हटकत नाही, पण ती जमीन बँकेकडे तारण ठेवता येत नाही. कर्ज हवं असेल तर स्वतःच्याच कुळाच्या जमिनीचा रीतसर भाडेपट्टा घ्यावा लागतो, आणि तो मूळ रहिवाशांच्या जमिनींचा कारभार बघणाऱ्या ईताउकेई लँड ट्रस्ट बोर्डाकडून होतो. आयुष्यभर ज्या उतारावर कुदळ मारली त्याचंच भाडं भरायचं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं. पण पट्टा हातात आला की पतपेढी किंवा विकास बँक निदान बोलायला तयार होते. इंडो-फिजियन शेतकऱ्याला तर पट्ट्यावाचून जमीनच नाही. त्यांच्या पिढ्या उसाखालच्या जमिनीचे पट्टे संपण्याची धास्ती घेत जगल्यात.

मनुष्यबळाची गोष्ट मात्र उलटी आहे, तिथे परंपराच धंद्याला वर काढते. सोलेसोलेवाकी म्हणजे आपल्याकडची इर्जिक. आज सगळे मिळून तुझ्या शेतात, उद्या माझ्या. डोंगरावर खड्डे खणायला आणि काढणीला, मुळं तुटू न देता सोडवायला बरेच हात लागतात. रोजंदारीने ते परवडत नाही. गावातल्या तरुणांचे गट अशा पाळीने एकमेकांची लागवड उभी करतात, आणि व्यवसाय उभा राहतो तोही बहुतेक याच गटाच्या जोरावर, एकट्याच्या नाही.

आता निर्यात. इथे विषय जरा किचकट होतो.

१९९० च्या दशकात युरोपात, विशेषतः जर्मनीत, कावाच्या अर्काच्या गोळ्या बेचैनीवरचं औषध म्हणून धडाक्याने खपल्या. पॅसिफिक बेटांवर लोकांनी भराभर लागवडी केल्या. मग यकृताला इजा झाल्याच्या काही नोंदी पुढे आल्या आणि २००२ मध्ये जर्मनीने परवाने मागे घेतले. मागणी कोसळली. झाडं जमिनीत, भाव मातीत. २०१४ मध्ये तिथल्या न्यायालयाने ती बंदी चुकीची ठरवली, पण नंतर जर्मनीने पुन्हा निर्बंध आणले. इजा नेमकी कशाने झाली यावर वाद आहे. गोळ्यांमधला माल पाण्यात गाळलेला नव्हता, तर रासायनिक द्रावकांनी काढलेला अर्क होता. शिवाय व्यापाऱ्यांनी स्वस्तात खोडाची सोलपटं आणि हलक्या जातीही उचलल्या होत्या, असा संशय आहे. यंगोना निर्धोक आहे असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. रोज खूप पिणाऱ्यांची कातडी कोरडी, खवल्यांसारखी होते, आणि दारूसोबत किंवा यकृतावर ताण देणाऱ्या औषधांसोबत ते घेणं धोक्याचं.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या प्रकरणातून एकच गोष्ट उरली: परदेशी गिऱ्हाईक आता विचारतो, हे नक्की काय आहे ते सिद्ध कर.

कावाच्या जाती ढोबळमानाने दोन गटांत मोडतात. एक उत्तम, रोज पिण्याचा गट, ज्याला इंग्रजीतून 'नोबल' म्हणतात. दुसरा 'तुदेई', म्हणजे ज्याची सुस्ती आणि मळमळ दुसऱ्या दिवसापर्यंत राहते. मुळांतल्या गुणद्रव्यांना कावालॅक्टोन म्हणतात. त्यातली सहा महत्त्वाची. नोबल जातींत त्यातलं कवाइन भरपूर असतं, ते लवकर चढतं आणि लवकर उतरतं. तुदेईत डायहायड्रोमेथिस्टिसिनचं प्रमाण वर असतं, तेच रेंगाळतं. तुदेई जोमाने वाढते, म्हणून आळशी लागवडीला मोहात पाडते. व्हानुआतूने २००२ मध्ये कायदा करून पिण्याच्या कावाच्या निर्यातीत नोबलच चालेल असं ठरवलं. फिजीनेही आपली मानकं काढली आणि तेरा स्थानिक जाती नोबल म्हणून नोंदल्या. २०२० मध्ये कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने पाण्यात मिसळून प्यायच्या कावासाठी प्रादेशिक मानक मंजूर केलं.

पूड झाली की डोळ्यांना जात ओळखता येत नाही. एक सोपी चाचणी आहे: पूड ॲसिटोनमध्ये भिजवायची. द्रव पिवळट राहिला तर नोबल, नारिंगी-तांबडा झाला तर तुदेई. प्रयोगशाळेची चाचणी याहून नेमकी असते, पण महाग. म्हणून शहाणा शेतकरी चाचणीच्या आधीच, लागवडीच्या वेळी, जात वेगळी ठेवतो. वुला कासा बालावू या ओळीत, लोआ कासा लेका त्या ओळीत. ही गोष्ट तो लहानपणापासून पानाच्या आणि खोडाच्या रंगावरून ओळखतोच. वुला म्हणजे फिकट, लोआ म्हणजे काळपट, आणि त्या डोळ्याला पहिल्यांदा बाजारात भाव आलाय.

माझ्या मते खरी कलाटणी इथे मिळते. भांडवल महत्त्वाचं, वादळानंतरचा भावही महत्त्वाचा. पण जन्मभर यंगोना लावणाऱ्याकडे असं एक ज्ञान होतं ज्याला गिऱ्हाईक विचारत नव्हतं, कारण व्यापाऱ्याच्या पोत्यात सगळं एकत्र होत होतं. काढणीनंतरचे तीन-चार आठवडे स्वतःच्या हातात ठेवले, की ते ज्ञान विकता येतं. म्हणजे मुळं त्याच दिवशी धुवायची, वाका-लेवेना वेगळे करायचे, जमिनीवर न पसरता फळ्यांच्या मांडवावर प्लास्टिकखाली वाळवायचं, ओलावा बारा टक्क्यांच्या आत आणायचा, पोत्यावर जात, वय, ओळ आणि तारीख लिहायची. चांगला वाळवणीचा मांडव हे बहुतेकांचं पहिलं मोठं यंत्र असतं, आणि त्यात यंत्र असं काहीच नसतं.

त्यानंतर शेजारी येतात. त्यांच्याकडे माल असतो, मांडव नसतो. मग हा माणूस त्यांची ओली मुळं वजनावर घेऊन स्वतः वाळवायला लागतो, आणि न कळत तो शेतकरी कमी व प्रक्रियादार जास्त होतो. काही जण दुसऱ्या बाजूने वाढतात. खोडाला पेय म्हणून किंमत नाही, पण त्याच्या निरोगी कांड्या रोपवाटिकेत वाढवून विकता येतात. काकडी मोझेक नावाच्या विषाणूने झाडं वरून खाली मरत येतात, फिजीत त्या रोगाने फार नुकसान केलंय, आणि रोगट झाडाची कांडी लावली की रोग मोफत मिळतो. म्हणून खात्रीच्या कांड्यांना वादळानंतर तर सोन्याचा भाव.

यापुढची पायरी म्हणजे पूड करून पाकिटं, आणि ती फार कमी जण चढतात. दळण्याची जागा स्वच्छतेच्या नियमांत बसवावी लागते, जैवसुरक्षा प्राधिकरणाचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, प्रत्येक देशाचा कागद निराळा. ऑस्ट्रेलियाने २००७ पासून व्यापारी आयात जवळजवळ बंद ठेवली होती. २०१९ च्या डिसेंबरात प्रवाशाला सोबत दोनऐवजी चार किलो आणायची मुभा दिली, आणि २०२१ च्या डिसेंबरपासून व्यापारी आयातीचा प्रायोगिक दरवाजा उघडला. सिडनी-ब्रिस्बेनमध्ये फिजीची माणसं भरपूर, त्यामुळे गिऱ्हाईक शोधायला जावं लागत नाही. पण त्या दुकानदाराला दर महिन्याला तेवढाच, तसाच माल हवा असतो. एका एकराचा शेतकरी ते देऊ शकत नाही, दहा-पंधरा जणांचा गट देऊ शकतो.

आणि निर्यातीचा गाजावाजा कितीही झाला तरी फिजीत पिकणारं बहुतेक यंगोना फिजीतच प्यायलं जातं. निर्यातदार भाव चांगला देतो, पण नमुना नापास करू शकतो आणि पैसे माल पोचल्यावर देतो. सुवाच्या वरच्या मजल्यावर भाव थोडा कमी, पण नोटा त्याच दुपारी हातात. म्हणून नावापुढे कंपनी लागलेले शेतकरीसुद्धा निवडक वाका बाहेर धाडतात आणि लेवेनाची पोती शुक्रवारच्या बोटीत चढवून सुवाला पाठवतात, कारण शनिवारी मजुरांचा हिशेब असतो.